जोखीम: मध्यम

दांडिया बाजाराहून मकरपुऱ्याला
सव्वासातची बस.
मे आणि जून मी जीआयडीसीत पितळी वॉशर मोजले.
मोजले म्हणजे तोलले:
शंभरांचं वजन एकदा काढायचं
आणि पोत्याला भागायचं.
संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला एवढं येतंच,
किरीटभाई म्हणाले, आणि खुर्ची दिली.
पंख्याखालची.

रेश्माबेनला खुर्ची नव्हती.
ती ड्रिलवर उभी, अकरा वर्षं.

पहिल्याच शनिवारी तिने विचारलं, भिशीत येतेस?
बाराजणी, पाचशे, महिन्याला एक चिठ्ठी.
मी चलनाच्या पाठीवर मांडून दाखवलं:
व्याज शून्य,
महागाई धरली तर उलट तोटाच.
ती ड्रिलचं टोक पुसत म्हणाली,
व्याज नथी, माणस तो छे ने.

त्या महिन्यात चिठ्ठी निघाली हंसाबेनची.
तिने पाकीट न उघडता कोकिलाकडे सरकवलं,
कोकिलाच्या मुलाची फी होती.
कुणी काही बोललं नाही,
ताकाचे ग्लास फिरले
आणि मशिनी सुरू झाल्या.
हे कोणत्या रकान्यात लिहायचं
मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझी दोन पाकिटं,
नऊ हजार अडीचशे दोनदा.
वजा बस,
वजा एक चप्पल, तेलावर घसरून तुटली ती,
वजा धाकट्याला एका रविवारी सेव-उसळ,
तर्री दोनदा.
उरले पंधरा हजार नऊशे चाळीस.
आईने ओढणी तीनदा धुतली,
कटिंग ऑइलचा वास गेला नाही.

बाबा म्हणाले, पोस्टात टाक.
बाबांचं मला कळतं.
त्यांच्या कपाटात एका पतपेढीचं पासबुक आहे,
शटर पडून नऊ वर्षं झाली.
दर दिवाळीला कपाट आवरताना
ते त्याचं प्लास्टिकचं कव्हर पुसतात,
आणि आई तेव्हा नेमकी स्वयंपाकघरात
काहीतरी शोधत असते.

रात्री गच्चीत फोनवर खातं उघडलं.
व्यवसाय: विद्यार्थी.
वारस म्हणून आईचं पूर्ण नाव लिहिलं,
कितीतरी दिवसांनी.
मग प्रश्न आला:
बाजार वीस टक्के पडला तर आपण काय कराल?
सगळं विकेन. थोडं विकेन. वाट पाहीन.
मी 'वाट पाहीन'वर बोट ठेवलं
आणि ते म्हणालं, जोखीम घेण्याची तयारी: मध्यम.

खालून कुकरची शिट्टी आली.
मी वाट पाहू शकते,
बाजार पडला तरी ती शिट्टी होणार आहे.
भाडं माझ्याकडे कुणी मागत नाही.
पंधरा हजार नऊशे चाळीस मी वाचवले
असं मी मैत्रिणींना सांगितलं;
दोन महिने रोजचा डबा,
त्यातली भाजी, तेल, आईचं पाचला उठणं
मी कुठेच वजा केलं नव्हतं.
केलं असतं तर
उरलं असतं बहुतेक
चप्पलेएवढं.

सात हजार पोस्टात टाकले.
बाबांनी पावती दोनदा वाचली
आणि तिला नवं कव्हर घातलं.
पाचशेची एसआयपी, दर महिन्याच्या सात तारखेला.
बाकीचे तसेच ठेवले, कॉलेज सुरू झालं.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी
लेक्चर बुडवून मकरपुऱ्याची बस धरली.
नवी भिशी होती, एक जागा रिकामी:
सविताबेन दाहोदला परत गेली.
पाचशेची नोट दिली, वहीत नाव लिहिलं.
माझ्या खुर्चीवर एक नवा मुलगा
वॉशर एकेक करून मोजत होता.
त्याला तोलायचं सांगावं का
हा विचार करेपर्यंत
चिठ्ठी निघाली. माझी नव्हती.

रेश्माबेनने फोनकडे बोट दाखवलं.
केटला पड्या?
अकरा रुपये चाळीस पैसे, मी म्हटलं.
ती एवढी हसली
की किरीटभाईंनी काचेतून पाहिलं.
वाट जो, म्हणाली,
आणि ड्रिल चालू केलं.